खोप्यापासून किती लांब?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या घरांत भिंतीवरचे फोटो सपाट टांगलेले नसत. वर खिळा, मागे सुतळी आणि चौकट खोलीकडे वाकून बघावी तशी पुढे झुकलेली. आजोबांचा फेटा, आजीचे नऊवारी, शेजारी शाहू महाराज, त्याच्या शेजारी अंबाबाई. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये जी तिरपी सांद राही, ती चिमणीची. उन्हाळा लागला की गवताच्या काड्या, सुतळीचे धागे, कोंबडीची पिसे असा सगळा संसार ती त्या सांदीत कोंबायची. खाली केर पडायचा. घरातली बाई दिवसातून चार वेळा झाडू फिरवायची, पण फोटोला हात लावायची नाही. वरून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली की मुलांना पंख्याच्या बटणाजवळ जायची बंदी. "पिल्लं झालीत, राहू दे आठ दिवस," एवढे एक वाक्य पुरे व्हायचे आणि एप्रिलच्या उकाड्यात अख्खे घर हातपंख्याने वारा घ्यायचे.

मराठी घरांतल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पाहिलेले पहिले घरटे हे असे फोटोमागचे होते. आता फोटो घरट्याच्या मागे लागला आहे.

कोल्हापूरला कॅमेरा नवा नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. १ डिसेंबर १९१७ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाहेरगावचा माणूस तो बघून थबकतो, पेठेतला माणूस रोज त्याच्या बाजूने गाडी काढतो. अशा गावातली तरुण मुले लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन पहाटे रंकाळ्यावर, कळंब्यावर, शिवाजी विद्यापीठाच्या माळावर दिसू लागली, यात नवल नाही. सुट्टी मिळाली की हीच मंडळी राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाकडे निघतात. पक्षी उडताना टिपणे अवघड. घरट्यावर मात्र तो पुन्हापुन्हा येणार हे ठरलेले, म्हणून घरटे सोपे वाटते. हा सोपेपणा फसवा आहे, कारण घरटे सोडून जाणे पक्ष्याला परवडत नाही. बघणाऱ्याने ही त्याची अडचण आधी ओळखली पाहिजे.

घरटे बघायचे तर करवीर तालुक्यात फार लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात, उसाच्या मळ्यातल्या एखाद्या जुन्या दगडी विहिरीवर जावे. काठावर बाभूळ किंवा शिंदीचे झाड वाकलेले असते आणि त्याच्या टोकाच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबत असतात. खाली पाणी, वर काटे, मध्ये वाऱ्यावर हेलकावणारा वाळक्या दुधीच्या आकाराचा संसार. कावळ्याला बसायला जागा नाही, सापाला धरायला आधार नाही.

जवळून बघावे ते विणकाम. पिवळ्याधमक टोपीचा नर उसाच्या पानावर उतरतो. हे पान काय चीज आहे ते उसात शिरलेल्या माणसाला विचारावे. त्याची कड करवतीसारखी, हातापायावर रेघोट्या ओढणारी. नर पानाच्या कडेला बुडाशी चोचीने बारीक खाच पाडतो, खाचेचे टोक चोचीत धरतो आणि तसाच उडतो. उडण्याच्या ओढीनेच पानाची कड दोरीसारखी सोलत येते. वीतभर ते दोन-सव्वादोन वीत लांबीची ही हिरवी पट्टी घेऊन तो फांदीवर येतो, पायाने एक टोक दाबतो आणि दुसरे चोचीने आत घालतो, बाहेर काढतो, पुन्हा आत घालतो. ओली पट्टी वळते, सुकली की आवळते. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि काम साधारण अठरा दिवस चालते.

त्यातले मधले आठेक दिवस फार मोलाचे. खोपा तेव्हा अर्धाच असतो, उपडे ठेवलेले शिरस्त्राण असावे तसा. मध्ये एक आडवी विणलेली कड, तिच्या एका बाजूला पुढे अंड्यांची खोली होणार, दुसऱ्या बाजूला खाली लोंबणारी नळी. या कडेवर उलटा लटकून नर पंख फडफडवतो आणि घोळक्याने आलेल्या माद्यांना साद घालतो. मादी येते, आत डोकावते, काड्या ओढून बघते. पसंत पडले तर राहते. मग नर उरलेले काम उरकतो, नळी लांबवतो आणि लगेच शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याला, दुसऱ्या मादीसाठी, हात घालतो. पसंत न पडलेला अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. अभ्यासकांना असेही दिसले आहे की मादी पसंती देताना विणीपेक्षा जागेला जास्त मान देते. वीण कितीही सुबक असो, फांदी चुकीची निवडली असेल तर सगळे मुसळ केरात.

हे सगळे आज शाळेच्या पुस्तकात सापडेल, पण ते पहिल्यांदा नीट पाहिले गेले ते महाराष्ट्रातच, अलिबागजवळच्या किहीमला. १९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून परतले होते आणि त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते शिडीवर, आडोशामागे तासन्‌तास बसून कोणता नर कोणत्या खोप्यावर आहे, कोणती मादी कधी आली, याची नोंद करत राहिले. १९३१ मध्ये तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि एक नर, अनेक खोपे, अनेक माद्या हे कोडे उलगडले. पुढे त्यांचे शिष्य व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणींवरच काम केले आणि १९६४ मध्ये त्यांचे पुस्तक मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केले. बेकारीच्या एका पावसाळ्यात एका झाडाखाली बसून राहिल्याने जे हाती आले, ते शेकडो मैल फिरून आले नसते.

गंमत अशी, की मराठीने या पक्ष्याला नाव दिले सुगरण. स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा करणारी ती आहे, आई आहे. प्रत्यक्षात विणणारा तो. ती आत थोडेसे अस्तर घालते, दोन ते चार पांढरी अंडी घालते, उबवते आणि पिल्लांचे बहुतेक सगळे करते. घर बांधणारा वेगळा, घर चालवणारी वेगळी. बहिणाबाईंनी बघितले होते ते घर चालवणे, आणि ते त्यांनी चुकीचे बघितले नव्हते.

दुसरी एक समजूत आहे. सुगरण खोप्यात ओल्या मातीचा गोळा लावते आणि त्यात काजवे चिकटवून उजेड करते, असे आजही मळ्यात सांगतात. मातीचे गोळे खरेच असतात. अर्ध्या खोप्याच्या आतल्या बाजूला ते बोटाला लागतात. काजवे मात्र पाहणाऱ्यांना सापडलेले नाहीत. वाऱ्यात खोपा फार झुलू नये म्हणून ते वजन, असा एक तर्क आहे. काजव्यांची गोष्ट जास्त सुंदर आहे हे मान्य, पण पाचशे फेऱ्यांचा हिशेबही काही कमी सुंदर नाही.

विहिरीवरून तळ्यावर यावे. रंकाळ्याला केंदाळाचा आणि सांडपाण्याचा जाच किती वर्षांचा, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तरीही पाणवनस्पतींच्या कडेने, जिथे थोडी शांतता उरते, तिथे टिबुकली दिसते. मुठीएवढी, तपकिरी, सारखी बुड्या मारणारी. तिचे घरटे म्हणजे पाण्यावर तरंगणारा कुजक्या शेवाळाचा, पानवेलींचा ढीग. लांबून बघणाऱ्याला तो कचराच वाटतो, आणि टिबुकलीला तेच हवे असते. अंड्यांवरून उठताना ती घाईने दोन-चार वेळा मान फिरवून ओली पाने अंड्यांवर ओढून घेते आणि मगच पाण्यात सरकते. पांढरी अंडी झाकली जातात, वरून उडणाऱ्या कावळ्याला ढिगाऱ्यापलीकडे काही दिसत नाही.

आता समजा कुणी भराभर पाणी कापत, होडी किंवा ट्यूबवर बसून, चांगला कोन मिळावा म्हणून जवळ गेले. टिबुकली एकदम बुडी मारते. झाकायला तिला वेळच मिळत नाही. अंडी उघडी पडतात आणि फोटोही सुरेख येतो, हिरव्या ढिगाऱ्यात स्वच्छ पांढरी अंडी. तोच फोटो सांगतो की ती घाबरून गेली होती. जाणत्या माणसाने अशा चित्रावर पहिली नजर टाकताच विचारावे, झाकण कुठे गेले?

टिटवीचे उलटे. तिला झाकायचे काही कारणच नसते. माळावर, नांगरटीत, कधी खोडव्याच्या सरीच्या कडेला ती चार अंडी ठेवते, टोके आत वळवून, चार पाकळ्यांसारखी. ढेकळांचा रंग आणि अंड्यांचा रंग एक. शेतकऱ्याचा पाय वीतभर अंतरावरून जातो आणि त्याला कळत नाही. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाऊस दांडगा, असा अंदाज बांधणारी माणसे गावोगाव आहेत. भर दुपारी टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते, गारवा द्यायला. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात तिला अर्धा तास अंड्यांपासून दूर ठेवले तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते ते फोटोसाठी नव्हे. "टिटवी लय वरडाय लागली की मागं फिरायचं," हे शेतातल्या पोराला ठाऊक असते. कॅमेरेवाल्याने ते त्याच्याकडून शिकावे.

मग किती लांब उभे राहायचे? दहा फूट, पन्नास फूट, शंभर? या प्रश्नाला पुण्यातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये असे उत्तर शोधले, की जगभरच्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना त्याची दखल घ्यावी लागली. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूंच्या बिळांजवळ माणूस उभा करून बघितले. एकदा अशा जागी, जिथून बिळाचे तोंड दिसते. एकदा तितक्याच अंतरावर, पण मध्ये आडोसा, त्यामुळे बीळ दिसत नाही. अंतर सारखे. चोचीत किडा धरून तारेवर बसलेला राघू दुसऱ्या वेळी बिळात लवकर जायचा आणि पहिल्या वेळी थांबून राहायचा. माणूस किती जवळ आहे यापेक्षा त्याला काय दिसते आहे, हे त्या चिमूटभर पक्ष्याला कळत होते. ज्याला मराठीने वेडा म्हटले, त्याच्याबद्दलचे हे निरीक्षण आहे. फोटोमागच्या चिमणीला माणसे हाताच्या अंतरावर चालत, कारण कुणी तिच्याकडे टक लावून बसत नसे. नजर हीच पक्ष्याच्या लेखी धोक्याची खूण.

वेड्या राघूची बिळे पंचगंगेच्या काठच्या मळीत असतात. उभ्या मातीच्या भिंतीत हातभर खोल. वेळ बघा कशी साधलेली: फेब्रुवारी ते मे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. काठच्या या भिंती तेव्हा पाण्याखाली जातात. पण तोवर पिल्ले उडून गेलेली असतात. एखादी वीण काही कारणाने मोडली तर पुन्हा अंडी घालायला मात्र फारसा काळ उरत नाही. नदी थांबत नाही. म्हणून एप्रिलमधली एक सकाळ राघूला तारेवर ताटकळत ठेवणे ही लहान गोष्ट राहत नाही.

घाट उतरून कोकणात गेले की वेळापत्रक उलटे. तिथे पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो, चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी-पिवळा. ओढ्याच्या काठी, कधी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत तो बीळ करतो. गेल्या काही वर्षांत या पक्ष्याइतका पाठलाग कोकणात दुसऱ्या पक्ष्याचा झाला नसेल. बिळाची जागा एकाने दुसऱ्याला सांगायची, मग गाड्या भरून माणसे यायची, ताडपत्रीखाली कॅमेऱ्यांची रांग लागायची. फोटो छान यावा म्हणून बिळासमोर शेवाळाची सुंदर फांदी रोवली जाते. पालवी आड आली तर छाटली जाते. सगळ्यात जास्त कौतुक होते ते चोचीत सापसुरळी धरून फांदीवर बसलेल्या खंड्याच्या चित्राचे. पण वाटवे यांचा प्रयोग ठाऊक असलेला माणूस ते चित्र वेगळे वाचतो. खाऊ चोचीत आहे म्हणजे तो पिल्लांच्या तोंडात गेलेला नाही. एखादा क्षण थांबणे पक्ष्याच्या रीतीतलेच. तो दहा मिनिटे थांबला असेल तर मात्र समोरच्या दहा भिंगांमुळेच.

छाटलेल्या पालवीची किंमत तर सर्वांत मोठी. ती पाने उन्हापासून, पावसापासून आणि कावळ्यापासून आडोसा म्हणून पक्ष्याने निवडलेली असतात. ती माघारी बांधता येत नाहीत. घरटे बांधायच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि अंडी घातल्यावर लगेच त्रास झाला तर पक्षी जागा सोडून देतो. पिल्ले मोठी झाल्यावर तो सोडत नाही, पण तेव्हा पिल्ले घाबरून वेळेआधी बाहेर उड्या टाकतात. म्हणजे धोका प्रत्येक टप्प्यावर आहे, त्याचे रूप फक्त बदलते. फ्लॅश, ड्रोन, मोबाईलवर वाजवलेला आवाज, पिल्ले उचलून फांदीवर ओळीने मांडणे, हे सगळे आपल्याकडे झाले आहे. त्याला छंद म्हणता येत नाही.

कायदाही तसे म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदूक, सापळा, विष हे त्यात आहेच. पण पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेसुद्धा त्याच व्याख्येत, त्याच ओळीत आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते ती वेगळीच. कितीतरी छायाचित्र स्पर्धांनी आणि नियतकालिकांनी घरट्यांची चित्रे स्वीकारणे बंद केले आहे. हा नियम काहींना जाचक वाटतो. तो योग्य आहे. हजार माणसांतल्या नऊशे जणांना संयम असेल, पण एका बिळासमोर उरलेले शंभर पुरेसे होतात.

तरीही घरट्याच्या छायाचित्रणाची सुरुवात हावेतून झाली नव्हती, हे सांगायला हवे. कॅमेऱ्याआधीच्या काळात घरटी बघणे म्हणजे अंडी गोळा करणे. ॲलन ह्यूम यांनी भारतातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर मोठा ग्रंथ केला, तो अशाच संग्रहांच्या आधारे. अंडी कपाटात यायची आणि घरटे संपायचे. १८९२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये चेरी कीर्टन या तरुणाने कस्तुरकुळातल्या एका पक्ष्याच्या घरट्याचा, अंड्यांसकट, फोटो काढला. भाऊ रिचर्ड लिहिणारा होता. १८९५ मध्ये दोघांचे घरट्यांवरचे पुस्तक निघाले, सगळी चित्रे कॅमेऱ्याने काढलेली. अंडे न उचलता अंड्याची नोंद होऊ शकते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. पक्ष्यांना माणूस कळू नये म्हणून या भावांनी १९०० च्या सुमारास एक पोकळ बैल बनवला होता. बैलाचे कातडे, आत लाकडी सांगाडा, त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन एक भाऊ ताटकळत उभा. बेंदराला बैल सजवणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ही युक्ती पटकन पटेल, कारण पाठीवर बगळा घेऊन चरणारा बैल त्याने रोज पाहिलेला असतो.

त्याच परंपरेतले एरिक हॉस्किंग. १९३७ मध्ये वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळ रात्री गेले असता घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनी पक्ष्यांचे छायाचित्रण सोडले नाही आणि घुबडाचा रागही धरला नाही.

घरटी बघण्याचा एक वेगळा, कमी चकचकीत आणि फार उपयोगाचा मार्ग आहे, तो म्हणजे मोजणे आणि लिहून ठेवणे. ब्रिटनमध्ये १९३९ पासून सामान्य लोक घरट्यांच्या नोंदी कार्डावर लिहून पाठवतात. कोणत्या तारखेला किती अंडी, किती पिल्ले उडाली, एवढेच. आपल्याकडे राधानगरीच्या जंगलात मान वर करून चालणाऱ्याला उंच झाडांच्या दुबेळक्यांत काटक्यापानांचे मोठे गोल गठ्ठे दिसतात. ती शेकरूची घरटी. एक शेकरू एकाच घरट्यावर विसंबत नाही, आसपासच्या झाडांवर अनेक बांधून ठेवते. भीमाशंकरला शेकरूंचा अंदाज घेताना वनखाते घरटी मोजते. प्राणी लाजाळू असला तरी घरटे जागेवर असते.

राधानगरीच्याच जंगलात सुतार पक्ष्याची एक जात, तांबूस सुतार, झाडावरच्या मुंग्यांच्या जिवंत वारुळात पोखरून स्वतःची अंडी घालते. घरट्यात घरटे. पुढे आंबोलीला पावसात गेले तर डबक्यावर झुकलेल्या पानांना फेसाचे पांढरे गोळे लटकलेले दिसतात. मलबारी उडता बेडूक मागच्या पायांनी स्राव घुसळून हा फेस करतो, अंडी त्यात. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि बेडूकमासे टपटप पाण्यात पडतात. त्या पानाला टॉर्चच्या प्रकाशात वाकवून बघणारा हात चुकून ते पान पाण्यावरून बाजूला सरकवतो आणि मग ते बेडूकमासे मातीवर पडतात. अंतर इंचांचे असते.

एका घरट्याच्या शोधातून दुसरेच मोठे काम उभे राहिल्याचे उदाहरण कोकणात आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था किनाऱ्यावर समुद्र गरुडांची घरटी शोधत होती. त्या फिरतीत २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि सहकारी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले आणि वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे येत होती आणि अंडी लोक नेत होते. गावकऱ्यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर कुंपणाची उबवणूक जागा केली गेली. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस. पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा आता शेकडो माणसे दोरीमागे उभी राहून बघतात. दोरी तिथे महत्त्वाची आहे. ती गावातल्याच माणसाने धरलेली असते.

देवरूखच्या सह्याद्री संकल्प सोसायटीने धनेशांच्या घरट्यांचे असेच काम हाती घेतले आहे. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, विष्ठेने तोंड लिंपते आणि चोचीपुरती फट ठेवते. आत ती उडायची पिसेही टाकते. मोठ्या धनेशात हा कोंडवास तीन-चार महिन्यांचा. बाहेरून नर फळे आणून भरवत राहतो. तो परतला नाही, तर आतल्यांचे हाल. अशी ढोली कुणाच्या खासगी बागेतल्या, कुणाच्या देवराईतल्या शतकी झाडात असते आणि ते झाड तोडायचे की नाही, हे एका घराने ठरवायचे असते. इथे दुर्बिणीपेक्षा त्या घरच्या माणसाशी झालेली ओळख जास्त उपयोगी पडते. अरुणाचलमध्ये पक्केजवळ २०११ पासून स्थानिक न्यिशी लोकच धनेशांच्या घरट्यांची राखण करतात, तेही याच हिशेबाने.

महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. तारखा माणसांच्या जन्मावरून ठरल्या, पण घरट्यांसाठी त्याच योग्य निघाल्या. कारण दिवाळीच्या या दिवसांत सुगरणीचे खोपे रिकामे असतात.

करवीरच्या मळ्यात तेव्हा ऊसतोडीची तयारी असते. गुऱ्हाळांचा धूर दिसू लागतो, विहिरीवरच्या बाभळीचे खोपे हिरव्याचे गवती झालेले, कुणी अर्धे, कुणी पुरे. वाऱ्याने एखादा खाली पडतो. तोडकऱ्यांच्या तळावरची मुले तो आणतात. वजन काहीच नाही. नळीतून हात घातला तर मुठीला वळण घ्यावे लागते, मग आडवी कड लागते, तिच्यापलीकडे खोलगट खोली. आतल्या बाजूला बोटाला सुकलेल्या मातीचा खरखरीत ठिपका लागतो. एक धागा ओढावा म्हटले तर तो सुटत नाही, दुसऱ्याखाली गेलेला, तिसऱ्याने आवळलेला. एखाद्या धाग्यावर उसाच्या पानाची ती करवती कड अजून तशीच असते आणि तिने अंगठ्याला बारीक चीर पडते.

वर, न पडलेल्या एका जुन्या खोप्याच्या तोंडाशी पांढऱ्या कंठाची मुनिया येऊन बसलेली असते. तिला विणता येत नाही असे नाही, पण सुगरणीने सोडलेले घर तिला चालते. चोचीत एक पांढरे पीस घेऊन ती बाभळीच्या काट्यावर थांबते, इकडे बघते, मग नळीत शिरते.